एका ‘दादा’नं बुडवलेली सिंगापुरी प्रेमकथा

परदेशात घडणाऱ्या उन्हाळी प्रेमकथा मी लिहिते. बारावीची परीक्षा संपली की मुली आंबे खात खात वाचतात तसल्या. आतापर्यंत अकरा झाल्या. पॅरिसमध्ये दोन जोडपी, व्हेनिसमध्ये तीन आणि स्वित्झर्लंडच्या एकाच बाकावर चार जोडपी मी जमवली, आणि यातलं एकही गाव पाहिलेलं नाही. माझं स्वतःचं लग्न कांदेपोह्यांवर ठरलं. शेवटी एका वाचक मुलीनं, व्हेनिसमध्ये रिक्षा नसते, असं कळवलं आणि प्रकाशक म्हणाले, बाई, निदान एक तरी देश बघून या. सगळ्यात स्वस्त देश म्हणजे जिथे बहीण राहते तो. २०१४च्या जूनमध्ये मी सिंगापूरला निघाले.

वृंदाताई पुंगोलला राहते. खाडीकाठी उंच उंच इमारती, खाली बाबागाड्यांची गर्दी आणि मधून फिरणारी, ड्रायव्हरच नसलेली छोटी रेल्वे, एलआरटी. ती गोल फिरते हे मला कुणी सांगितलं नाही. उलट्या बाजूची गाडी पकडून मी अख्खी वसाहत बघितली आणि एकाच स्टेशनावर असलेल्या घरी अर्ध्या तासानं पोचले. नवख्यांनी एकदा तसं जरूर करावं. आणखी एक शोध म्हणजे इथे उन्हाळा असा वेगळा नसतो, बारा महिने तोच असतो. त्यामुळे ‘उन्हाळी’ हे माझ्या पुस्तकांवरचं विशेषण पहिल्याच दिवशी घामात वाहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ताईची मुलगी मुक्ता, वय सोळा, मला खालच्या कॉफी शॉपमध्ये घेऊन गेली. दीड डॉलरच्या चहात तिनं मन मोकळं केलं. मराठी मंडळातला आदित्य तिला दोन वर्षांपासून आवडतो. तो सतरा वर्षांचा, राहतो बुओना व्हिस्टा भागातल्या एका खासगी सोसायटीत. त्याच्या वडिलांची इथली नोकरी संपली आणि रविवारी सगळे कायमचे पुण्याला निघाले होते. म्हणजे शनिवारपर्यंत त्याला सांगायलाच हवं होतं. माझ्याकडे यायचं कारण, मी यातली एक्स्पर्ट. कांदेपोह्यांबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

मंडळात वयानं मोठ्या प्रत्येक मुलाला ‘दादा’ म्हणायची शिस्त आहे. मुक्तानं दोन वर्षं ती शिताफीनं चुकवली होती. त्याच्याशी ती फक्त इंग्रजीत बोलायची, कारण इंग्रजीत ‘हे’ म्हणून भागतं. एवढा विचार माझ्या अकरा नायिकांनी मिळून केला नसेल. मी तिला माझ्या पद्धतीचा प्रसंग आखून दिला. बेट, सायकली, झाड आणि झाडाखाली बोलायची तीन वाक्यं.

शनिवारी, आदित्यच्या निरोपाची सहल म्हणून, आम्ही तिघं पुलाउ उबीन बेटावर निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते, टॅम्पिनीजहून २९ नंबरची बस चांगी व्हिलेजला सोडते. तिथे आधी नासी लेमाक खाऊन घ्या, नारळाच्या दुधातला भात असतो, आपल्या पोटाला रुचतो. मग धक्क्यावर थांबायचं. लाकडी मोटारबोट बारा माणसं जमली की सुटते, डझन पुरा व्हायच्या आधी नावाडी हलत नाही. तेव्हा माणशी अडीच-तीन डॉलर पडायचे. आदित्य उंच, शांत, वाटेत माझी पिशवी घेऊन चालणारा. मला तर जावई म्हणूनच पसंत पडला.

दहा मिनिटांत बेट आलं. बोट हलत होती, धक्क्याच्या पायऱ्या निसरड्या होत्या. तो आधी उतरला आणि मुक्ता अडखळली. अशी संधी मी पुस्तकात चार पानं पुरवते. आता हातात हात आलाच पाहिजे, म्हणून मी मागून मोठ्या उत्साहानं ओरडले, “मुक्ता, दादाचा हात धर गं!”

पंचेचाळीस वर्षांची जीभ, ती सवयीनं वळली. त्यानं हात दिला, तिनं धरला, आणि वर गेल्यावर मुक्तानं माझ्याकडे जे पाहिलं ते मला सोसवलं नाही.

सायकली आठ डॉलरला दिवसभर मिळाल्या. मी दोघांना पुढे घातलं आणि स्वतः शहाळं घेऊन लांब बसले. झाडाखाली ती बोलताना दिसली, ऐकू काही आलं नाही. तेवढ्यात एक रानडुक्कर आलं आणि तिच्या सायकलच्या टोपलीतली, ताईनं दिलेल्या थालीपिठांची पिशवी तोंडात धरून पळालं. दोघं खो खो हसले. मी म्हटलं, जमलं. पिशव्या मात्र टोपलीत ठेवू नका, तिथली डुकरं निर्लज्ज आहेत.

चांगी व्हिलेजला आदित्य आमचा निरोप घेऊन निघून गेला. बसमध्ये मुक्तानं सांगितलं. तो म्हणाला, मी तर तुला बहिणीसारखीच समजत होतो, मावशीपण मघाशी दादा म्हणाल्या ना. मी सॉरी म्हटलं. माझ्यामुळे झालं, म्हटलं.

“नो लाह, मावशी,” ती सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. “मी त्याला आवडले असते ना, तर ते ऐकून तो हसला असता. ही लुक्ड सो रिलीव्ह्ड.”

मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मला फार वाईट वाटलं. सोळाव्या वर्षी तिला जे दिसलं ते मला अकरा पुस्तकं लिहून दिसलं नव्हतं.

पुण्यात परत आल्यावर प्रकाशकांचा फोन आला. विमानतळावरचा प्रसंग झाला का, नायक धावत येतो तो? मी मुक्ताला विचारलं, आपलं सगळं लिहू का. लिही, म्हणाली, पण तो परत आला तर मी वाचणार नाही. मी प्रकाशकांना सांगितलं की तो येत नाही. त्यांनी बराच वेळ खपाची काळजी केली.

शेवटच्या प्रकरणात विमानतळ नाही, बस आहे. मुलगी रडते आणि शेजारी बसलेली मावशी शहाण्यासारखी गप्प राहते. माझ्या मते मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं पान. ते मुक्ताला पाठवलं. तासाभरात उत्तर आलं.

“मावशी, तू गप्प कुठे होतीस? पुंगोल येईपर्यंत सॉरी सॉरी करत होतीस. मीच तुला गप्प करायला पाणी दिलं.”

खरं होतं. पान फाडलं आणि मावशीला बोलू दिलं.