तहानेची पट्टी

चंदनसारला राहायचो तेव्हा आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका रोज दुपारी माझ्या कॉम्प्युटरवर एकच गेम खेळायला येत. बेटावर अडकलेला माणूस, आणि कोपऱ्यात त्याच्या भुकेची आणि तहानेची अशा दोन पट्ट्या. तहानेची भराभर उतरे, धावलं की आणखीच. म्हणून काका त्याला ओढ्याकाठीच बसवून ठेवत. पट्टी जराशी उतरली की पाणी पाजत आणि पुटपुटत, "पी रे बाबा, पी."

खरं तर तराफा बांधून त्याला सोडवायचं असतं. पण लाकडं तोडली की तहान वाढते, म्हणून तेही नाही. मला वैताग यायचा.

एकदा मी म्हटलंच, "काका, अशानं हा सुटणार कधी?"

स्क्रीनवरची नजर न काढता ते म्हणाले, "सुटून काय करणार? इथं निदान दिसतं तरी. हिची वाचा गेल्यावर हिला पाणी हवंय की नको, मला शेवटपर्यंत कळलं नाही."

काकू जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी गुपचूप पाणी आणून त्यांच्यापाशी ठेवलं. काकांनी त्या माणसाला पुन्हा ओढ्यावर वाकवलं.

संध्याकाळी ते गेले, तेव्हा त्यांचा ग्लास तसाच भरलेला होता.