वाहतं नाक

“याला सर्दी आहे. आज भूल देता येणार नाही.”

हे मी भोकरदनकडच्या शोभाबाईंना तिसऱ्यांदा ऐकवत होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. जालन्यात माझा कान-नाक-घशाचा दवाखाना होता. त्यांचा साडेचार वर्षांचा गणेश स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत होता. तोंड उघडंच.

घशातले दोन्ही टॉन्सिल एकमेकांना टेकलेले. नाकामागची अ‍ॅडिनॉईडची गाठही वाढलेली. असं मूल झोपलं की घोरतं, श्वासाची वाट बंद होते, काही सेकंद श्वास थांबतो, मूल दचकून उठतं. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. रोजच असं होत राहिलं की हृदयावर ताण येतो. इलाज म्हणजे ऑपरेशन. पण सर्दीत भूल दिली तर छातीला त्रास होऊ शकतो, म्हणून माझा नियम कडक होता. नाक कोरडं पाहिजे.

“साहेब, याची सर्दी कधी गेलीच न्हाई,” शोभाबाई म्हणाल्या. “आडवा केला की दम थांबून राह्यला. आम्ही दोघं पाळीपाळीनं खांद्यावर घेऊन बसतो. आज करूनच टाका.”

आत येण्याआधी त्यांनी पदरानं पोराचं नाक पुसलेलं मी पाहिलं होतं. “डॉक्टरपासून लपवता होय?” मी हसून म्हणालो. “पंधरा दिवसांनी या.” चोरी पकडल्याचं मला माझंच कौतुक वाटलं होतं. ते हसू आठवलं की आजही लाज वाटते.

त्या आल्या दोन महिन्यांनी. सोबत नवरा, कडेवर धाकटी मुलगी.

“गणेश कुठंय?”

“गेला, साहेब,” नवरा म्हणाला. “छाती भरून आल्ती. मोठ्या दवाखान्यात नेल्तं. तिथले म्हणले, हृदय आधीच थकलेलं हाय.”

शोभाबाईंनी मुलीला त्याच स्टुलावर बसवलं. नाक ओठापर्यंत वाहत होतं.

“ही बी तशीच घोरती. हिचं नाक पुसलं न्हाई, साहेब. सांगा, परत जाऊ का?”

मुलीला ताप नव्हता, छाती साफ होती. मी भूलतज्ज्ञांना फोन लावला.

“नाक वाहतंय? रिस्क आहे,” ते म्हणाले.

“परत पाठवण्यात जास्त आहे. या तुम्ही.”

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी आडवी, तोंड मिटून झोपली होती. शोभाबाई मात्र भिंतीला टेकून, खांदा मोकळा ठेवून बसून होत्या.

अ‍ॅडिनॉईड वाढलेल्या मुलाचं नाक वाहतच राहतं. गाठ काढल्याशिवाय ते बरेचदा कोरडं होत नाही. हे पुस्तकात होतं. मी वाचलंही होतं.

आता दाराबाहेर कुणी आई पदर पुढे करताना दिसली की मी आतूनच सांगतो, “राहू द्या बाई, पुसू नका.”