ममता नेवारेची साक्ष

धनीराम नेवारेचे हात मोडले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, आणि त्याची पोरगी ममता शाळेसाठी वेण्या घालून अंगणात उभी होती.

बोरझरी हे भंडारा जिल्ह्यातलं, चिखला गावाच्या पलीकडचं, जंगलाला टेकून बसलेलं गाव. तिथल्या खासगी मँगनीज खाणीत धनीराम ड्रिल चालवायचा. तीन दिवसांआधी खाणीचं छत बसलं आणि खेमराज नावाचा त्याचा जोडीदार आणखी दोन मजुरांसकट खाली गेला. खेमराजच्या बायकोनं नवऱ्याला ओळखलं ते कमरेच्या करदोड्यावरून, बाकी ओळखण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. चौकशीला सरकारी साहेब आले तेव्हा सगळे मजूर खाली मान घालून उभे राहिले. धनीराम मात्र बोलला.

"छताचे टेकू आदल्या दिवशीच काढले, साहेब. ठेकेदारानं सांगतलं म्हणून. दुसरीकडं लावाचे होते."

ठेकेदार टेकचंद तिथं हजर होता. छत बसल्यापासून तिसऱ्या दिवशी त्याचा मुकादम जागेश्वर तीन माणसं घेऊन धनीरामच्या घरी आला. ममताची माय मंदाबाई शेतात धानाच्या रोवणीला गेली होती. दोघांनी धनीरामला पालथं पाडलं आणि त्याच्याच खांद्यावरचा दुपट्टा त्याच्या तोंडावर गुंडाळला. धुण्याच्या दगडावर त्याचे हात ओढून धरले. तिसऱ्यानं ममताची वेणी मनगटाला गुंडाळून तिचं तोंड दगडाकडं वळवलं.

"बघ पोट्टे," जागेश्वर म्हणाला, "जास्त बोलणाऱ्याचं काय होते ते."

त्यानं घण उचलला. आधी उजवा हात, मग डावा. मग पुन्हा उजवा, कारण त्याची बोटं अजून हलत होती. ममतानं डोळे मिटले की तो माणूस वेणीला हिसका द्यायचा. ती चौदा वर्षांची होती.

त्या दिवशीच जागेश्वर पळाला, तो मध्य प्रदेशात कुठंतरी गडप झाला. ममताला साक्षीला कुणी बोलावलंच नाही, आणि बाकीचे तिघे पुराव्याअभावी सुटले. टेकचंदचं नाव कागदावर आलंच नाही. धनीरामचे हात जुळले, पण वाकडे जुळले. त्याला मूठ वळता येईना. भाताचा घास मंदाबाई भरवायची, आणि तो भिंतीकडं बघत चावायचा.

पुढं ममता शास्त्रज्ञ झाली. बाप खाणीत होता म्हणून ती दगडांकडं वळली, असं लोकांना सांगायला आवडतं. तिला ते बिलकूल आवडत नाही. तुमसरच्या कॉलेजात रुखमिणी कटरे नावाच्या मॅडम होत्या. त्यांनी एकदा फळ्यावर कार्बनच्या अणूंच्या दोन रचना काढल्या आणि विचारलं, "अणू तेच. मग एक आपण पेन्सिलीत घालून लिहितो अन् दुसऱ्यानं काच कापतो, असं काहून?" ममताला त्या प्रश्नानं झोप येईना. बस्स, एवढंच कारण होतं.

नागपूरला एमएस्सी करताना हॉस्टेलच्या एका मैत्रिणीनं गंमत म्हणून मागून तिची वेणी ओढली. ममतानं तिला अशी भिरकावली की तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. वॉर्डननं तिला काढूनच टाकलं असतं, पण ती मुलगीच मध्ये पडली. त्या संध्याकाळी ममतानं कात्रीनं केस मानेपर्यंत कापले. आपल्या अंगात काय दबा धरून बसलंय, ते तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि त्याची तिला भीती वाटली.

पीएचडीला ती पुण्यात गेली. तिचं काम लोकांना समजावणं अवघड नव्हतं, पण पटवणं अवघड होतं. ती दगडाला हात लावत नसे. मँगनीज असलेल्या खनिजाचा एक इवलासा तुकडा, फार तर शंभर-दीडशे अणूंचा, ती कॉम्प्युटरमध्ये मांडायची आणि चारी बाजूंनी दाबत न्यायची. लाख वायुमंडलांचा, म्हणजे हवेच्या लाखपट दाब, मग दोन लाख, चार लाख. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खाली असतो तेवढा. प्रत्येक पायरीला अणू कसे सरकतात, इलेक्ट्रॉन कुठं बसतात, हे गणितानं काढायचं. एकेका हिशोबाला मोठमोठ्या कॉम्प्युटरांना आठवडे लागत. एका ठरावीक दाबाला मँगनीजचे इलेक्ट्रॉन एकदम जोडीजोडीनं बसतात आणि अणू आक्रसतो. तो दाब नेमका किती, यावर तिचा पहिला मोठा लेख छापून आला. तिनं चार लाख वायुमंडलं म्हटलं होतं. लेखाचं कौतुक झालं, जर्मनीतून दोन वर्षांसाठी बोलावणं आलं.

जर्मनीतच तिला स्वतःची चूक सापडली. सगळ्या मँगनीज अणूंची चुंबकीय दिशा तिनं एकाच बाजूला धरली होती. ती आलटून पालटून धरल्यावर आकडा सहा लाखांच्या वर गेला. तिनं पुण्याच्या, पीएचडीच्या सरांना फोन केला.

"दुसऱ्या लेखात हळूच दुरुस्त कर," सर म्हणाले. "सगळे असंच करतात."

"सर, तीन जणांनी माझा आकडा वापरून पुढचं काम केलंय."

तिनं लेख मागं घेतला. सर वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. पुण्यातल्या एका संस्थेत तिला नोकरी लागली, पण ठरली होती त्यापेक्षा दोन वर्षं उशिरा.

याच सुमारास जागेश्वर बालाघाटकडं पकडला गेला आणि थोड्याच महिन्यांत जामिनावर सुटून गावाकडं आला. आता खटला उभा राहणार होता. धनीरामच्या तोंडावर तर दुपट्टा होता. घण कुणाच्या हातात होता, हे बघितलेलं आणि सांगेल असं माणूस एकच होतं, ममता.

डिसेंबरात ममता घरी आली. धान कापून झालं होतं आणि शेतात धानाच्या पेंढ्यांचं पुंजणं रचलेलं होतं. भर दुपारी मंदाबाईची किंकाळी ऐकू आली. ममता विळा हातात घेऊन बांधावर गवत कापत होती, ती तशीच धावली. पुंजणं पेटलं होतं. वर्षाचं धान तडतड फुटत होतं आणि मंदाबाई जळत्या पेंढ्या हातांनी ओढत होती. जागेश्वर काठी टेकून बघत उभा होता. केस पांढरे झाले होते, पण ममतानं त्याला लगेच ओळखलं.

"पुण्याले जाय," तो म्हणाला. "कोर्टात येशील तर पुढच्या टायमाले घर पेटवीन."

"मी येईन," ममता म्हणाली.

त्यानं काठी आडवी फिरवली. ती तिच्या तोंडावर बसली. दोन दात तुटले, तोंड रक्तानं भरलं, ती गुडघ्यावर कोसळली. जागेश्वरनं काठी खांद्यावर टाकली आणि पाठ फिरवून तो बांधावरून चालू लागला.

तिनं थुंकून तोंड मोकळं केलं, उठली आणि त्याच्यामागं धावली. विळा त्याच्या उजव्या खांद्यात रुतला, हाडाला लागून करकरला. जागेश्वर बांधावरून खाली बांधीत तोंडावर पडला. तिनं विळा उपसला आणि मानेवर नेम धरून पुन्हा उचलला. तेवढ्यात कुणीतरी तिचा हात वरच्या वर अडवला. धनीराम होता. त्याला बोटांनी पकडता येत नव्हतं. त्यानं आपल्या दोन्ही मनगटांच्या मध्ये तिचा हात दाबून धरला होता आणि सगळा भार टाकून तो तिला मागं खेचत होता.

"सोड ते, पोरी. सोड म्हणतो ना!"

"सोडा बाबूजी मले!"

"नाई सोडत."

जागेश्वर जगला, पण त्याचा हात खांद्यापासून लुळा पडला. त्यानं ममतावर उलट केस केली. आता एकाच गोष्टीच्या दोन बाजू झाल्या.

साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकील लक्ष्मणराव यांनी तिला समजावलं. "तो अंगावर धावून आला, तुम्ही बचावासाठी विळा फिरवला. एवढंच सांगा. आणि तुम्ही खडकांच्या डॉक्टर. टेकू काढल्यामुळंच छत पडलं, असं कोर्टाला सांगून टाका. तुमच्या वडलांचं बोलणं खरं ठरेल, म्हणजे मारण्याचं कारणही पक्कं होईल."

ममतानं फक्त साक्षीची वेळ विचारून घेतली.

भंडाऱ्याच्या कोर्टात तिनं त्या सकाळची एकूण एक गोष्ट सांगितली. दगड, दुपट्टा, वेणी, घण. उजवा हात, डावा, पुन्हा उजवा. मग लक्ष्मणरावांनी छताचं विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही," ती म्हणाली. "माझा अभ्यास फार खोलच्या दाबाचा आहे, तोही काही अणूंचा. खाणीच्या टेकूंचं मला काही कळत नाही. ते कळणारा माणूस बोलवा."

लक्ष्मणरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बचावाचा वकील मात्र खुलला.

"तुम्ही माझ्या अशिलावर विळा चालवला, तेव्हा तो काय करत होता?"

"जात होता."

"म्हणजे तुम्ही पाठीमागून वार केला?"

"हो."

"दुसरा का नाही केला?"

"बाबूजींनी अडवलं."

"आणि अडवलं नसतं तर?"

मागच्या बाकावर मंदाबाईनं पदर तोंडात कोंबला. ममता जागेश्वरकडं बघून बोलली. "तर मी याला मारून टाकलं असतं."

कोर्टात कुजबुज झाली. वकील हसून बसला. आता ही बाई सूडापोटी बोलते असं दाखवणं त्याला सोपं होतं, आणि त्यानं ते दाखवलंही. पण न्यायाधीशांनी निकालात वेगळं लिहिलं. जी साक्षीदार स्वतःच्या गळ्याला फास लागेल असं खरं बोलते, ती घणाबद्दल खोटं बोलेल असं मानायला कारण नाही. जागेश्वरला सात वर्षांची शिक्षा झाली. टेकचंद ठेकेदार त्याआधीच अंथरुणात मेला होता, अंगणात माणसं जमवून, रीतसर.

ममतावरच्या केसमध्ये ती दोषी ठरली. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तिला सोडलं, तुरुंग टळला. संस्थेनं चौकशी बसवली, चार महिने निलंबित ठेवलं आणि बढती दोन वर्षांसाठी रोखली. तिच्या हाताखालच्या दोन विद्यार्थ्यांनी गाईड बदलला. तिसरी, रुपा म्हणून, तेवढी राहिली.

निलंबनाचे महिने ममतानं बोरझरीला काढले. तुटलेल्या दातांमुळं तिला 'स' म्हणताना शीळ यायची. एके दिवशी ती बापाला भरवत होती. एरवी तो जेवताना भिंतीकडं बघायचा, त्या दिवशी तिच्याकडं बघत म्हणाला, "तू त्याले मागून मारलं. ते मले नाई पटलं."

"मालूम आहे."

"रोज सपनात मीबी मारतो त्याले," धनीराम म्हणाला. "घणानंच. समोरून."

तिनं पुढचा घास केला. भरवताना वरण त्याच्या सदऱ्यावर सांडलं. त्यानं ते मनगटानं पुसलं आणि तोंड उघडलं.