आतोबांची मांजर आणि गेंदालालची ठंडाई

आमच्या आतोबांनी, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांनी, उभ्या आयुष्यात पाण्याखेरीज कोणतंही पेय तपासल्यावाचून पोटात घेतलं नाही. आणि पाणीसुद्धा विहीर ओळखीची असेल तरच. देवासच्या दवाखान्यामागच्या एका खोलीत त्यांची रसायनशाळा होती. माळव्यात अफू, भांग, मोह आणि धोत्रा यांची ददात कधीच नव्हती. त्यामुळे कुणी शुद्ध हरपून सापडला की त्याने शेवटचं ज्यातून काही प्यायलं तो लोटा किंवा पेला सील होऊन त्यांच्याकडे येई, आणि त्यात अंमल चढवणारं काही होतं की नाही, हे ते सांगत. ही नोकरी त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की घर कुठे संपतं आणि रसायनशाळा कुठे सुरू होते, हे त्यांना कळेनासं झालं होतं. आत्याने केलेला चहा ते आधी उजेडाकडे धरत, मग हुंगत, मग त्यात कागदाचा एक चिटोरा बुडवून पाहत. "एवढा संशय होता तर लग्नाआधी मुलगी तपासून घ्यायची होती," असं आत्या म्हणे. त्यावर ते गंभीरपणे सांगत, "तेव्हा साधनं नव्हती."

एका लग्नात व्याह्यांनी हातात दिलेलं पन्हं त्यांनी सगळ्यांदेखत खिशातल्या बाटलीत ओतून घेतलं आणि निकाल उद्या कळवतो म्हणाले. ते व्याही पुढे कित्येक वर्षं आमच्याशी बोलत नव्हते. बदनावरकडच्या एका ठाकुराकडे ते कामासाठी गेले, तेव्हा मीही बरोबर होतो. तिकडे पाहुण्याला कसूंबा, म्हणजे अफूचं पाणी, यजमान स्वतःच्या तळहातावरून पाजतो, आणि नाही म्हणणं हा अपमान. आतोबांनी पुढे झालेल्या त्या हातातून काचेच्या नळीने चार थेंब ओढून घेतले, त्यात बाटलीतलं औषध टाकलं, आणि पाणी लालभडक झालेलं पाहून म्हणाले, "उत्तम अफू आहे, ठाकूरसाहेब. भेसळीचं नाव नाही." ठाकूर या दाखल्यावर इतका खूश झाला की पाहुणा प्यायलाच नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

रसायनशाळेत खरा अधिकार मात्र मांजरीचा होता. अफू बाटलीतल्या औषधाने ओळखू येई, पण धोत्र्याचा निर्णय मांजर देई. पेयाचा अर्क काढून तिच्या एका डोळ्यात थेंब टाकायचा. धोत्रा असला तर त्या डोळ्याची बाहुली पसरते, दुसरी आहे तशी राहते. ती करडी मांजर थेंब पडला की गुमान खिडकीत जाऊन बसे, आणि आतोबा समोर स्टूल ओढून तिच्या डोळ्यांत टक लावून पाहत. मी तेव्हा शेजारीच राहत होतो, शाळेत मास्तर होतो. आत्याकडे त्यांनी असं कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

त्याच खिडकीतून रस्त्यापलीकडचं गेंदालालचं ठंडाईचं दुकान दिसे. सकाळी दुकान उघडताना तो हाक मारी, "आज तो पी लो, साब." रस्त्याच्या अलीकडे देवासची थोरली पाती आणि पलीकडे धाकटी, म्हणजे दुसरंच राज्य. आतोबा उत्तर देत, "परराज्यातला माल तपासायचा मला अधिकार नाही, आणि तपासल्याशिवाय मी पीत नाही." गेंदालाल हसून कामाला लागे.

एका महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मात्र ही थट्टा अंगाशी आली. आमच्या बाजूला एक बडे अंमलदार होते, त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. अंमली पदार्थाला शिवत नाही, हे ते रोज कुणाला तरी ऐकवत. त्या सकाळी उपास सोडताना त्यांनी गेंदालालकडून बिनभांगेची ठंडाई मागवली, आणि तासाभरात ते हवेतले दोरे वेचू लागले, वारलेल्या सासऱ्यांशी भांडू लागले आणि सतरंजी डोक्याला गुंडाळू लागले. गेंदालालने धोत्रा घातला, असं सर्वांनी ठरवून टाकलं आणि धाकट्या पातीकडून मागून घेऊन त्याला आमच्या बाजूच्या कोठडीत नेलं. गुन्हा शाबीत झाला असता तर तो काही वर्षं तरी बाहेर दिसला नसता. "म्हारी ठंडई में कईं नी थो, साब," एवढंच तो आतोबांना गजाआडून सांगत राहिला.

आतोबांनी रावसाहेबांचे डोळे पाहिले. बाहुल्या सुपारीएवढ्या झाल्या होत्या. धोत्रा नक्की होता. पण रावसाहेबांच्या पेल्यात उरलेल्या ठंडाईच्या अर्काने मांजरीचा डोळा ढिम्म हलला नाही. कचेरीतून निरोप आला, पुन्हा तपासा. त्यांनी पुन्हा तपासलं, मांजर आपल्या मतावर ठाम. मग ते मला घेऊन रावसाहेबांच्या घरी गेले आणि उपासाला आणखी काय घेतलं होतं, असं विचारलं. "उपासाला काय घेणार? नुसतं तीर्थ," रावसाहेबांच्या आई म्हणाल्या. देवघरात पिंडीवर धोत्र्याच्या फळांचा ढीग होता. नुसती फुलं वाहून रावसाहेबांचं समाधान होत नसे. ते फळं फोडून वाहत. रात्रभर चारही प्रहरांचा अभिषेक त्या बियांवरून घंगाळात उतरला होता, आणि सकाळी त्यातलं तीर्थ त्यांनी पळीने नव्हे, तांब्याने घेतलं होतं.

आतोबांनी बाटली काढली तेव्हा उपाध्याय आडवे आले. "तीर्थाची परीक्षा घेता?"

"तीर्थाची नाही, पाण्याची," आतोबा म्हणाले आणि त्यांनी बाटली भरली. बूच लावल्यावर त्यांनी पिंडीला हात जोडले. ते स्वतः रोज पूजा करणारे गृहस्थ होते.

दुपारी मांजरीचा एक डोळा उन्हातला राहिला आणि दुसरा अंधारातला झाला. कचेरीत आतोबांनी दोन वाक्यं सांगितली: ठंडाई निर्दोष आहे, धोत्रा तीर्थात आहे. गेंदालाल सुटला. गावात जे हसू पिकलं त्याचा राग रावसाहेबांनी कुणावर काढला, हे सांगायला नको. ती खोली औषधांच्या पेट्या ठेवायला हवी आहे, असं लवकरच निघालं. आतोबा मांजर घेऊन धारला गेले आणि तिथल्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवू लागले. मला त्याचं फार वाईट वाटलं. त्यांनी तक्रार केली नाही, पण धारला त्यांच्याकडे कुणी सील केलेला लोटा घेऊन येत नसे.

फक्त गेंदालाल येई. दर शिवरात्रीनंतर तो ठंडाईचा लोटा घेऊन देवासहून धारला यायचा. आतोबा त्याच्यासमोर मांजरीच्या डोळ्यात थेंब टाकत, तोही शेजारी बसून कौतुकाने डोळा पाही, आणि मगच आतोबा पेला उचलत. एका वर्षी थंडीत मांजर म्हातारपणाने गेली. त्या शिवरात्रीनंतर मी धारलाच होतो. गेंदालालने लोटा ओट्यावर ठेवला आणि बगलेतली टोपली उघडली. आत एक करडं पिल्लू होतं.

"नवी बिल्ली लायो हूं, साब. बिना जांच के आप पियो नी."

आतोबांनी पिल्लू हातात घेतलं, त्याचे दोन्ही डोळे नीट पाहिले आणि ते आत्याच्या मांडीवर ठेवलं. मग पेला भरला. उजेडाकडे धरला नाही, हुंगलाही नाही. सावकाश सगळा पिऊन टाकला.

"साब, जांच?" गेंदालाल घाबरून म्हणाला.

"लहान आहे ते अजून," आतोबा मिशा पुसत म्हणाले.

ते पिल्लू पुढे चांगलं दांडगं झालं, त्याने धारमधले निम्मे उंदीर संपवले. पण शिवरात्र होऊन गेंदालाल दारात आला की आतोबांच्या मते ते अजून लहानच असे.