उजव्या कानाकडची खुर्ची

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. त्याआधी पंधरा वर्षं कोल्हापुरात घरीच गणिताच्या शिकवण्या घेत होते. कुणी अडचण सांगितली की लगेच उत्तर द्यायचं, ही सवय हाडात भिनलेली. नणंद नुसतं ‘आज डोकं दुखतंय’ म्हणाली तरी मी तिला तीन उपाय ऐकवायचे.

वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं, की सल्ला द्यायचा नाही, आधी ऐकायचं. मी ते वहीत नीट लिहून घेतलं आणि मला वाटलं, झालं, जमलं.

सरावासाठी आम्हाला शाहूपुरीतल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली होती. माझ्याकडे पहिले आले ते इचलकरंजीचे एक काका. (ओळख पटू नये म्हणून त्यांच्याबद्दलचं बरंच काही मी इथं बदललं आहे.) साठीचे, सगळी हयात यंत्रमागावर गेलेली. आठ महिन्यांपूर्वी बायको वारली होती. झोप लागत नव्हती, भरल्या ताटावरून उठून जायचे, म्हणून सुनेनं पाठवलं होतं. शिकण्यासाठी बोलणं रेकॉर्ड करू का, असं लिहिलेला कागद पुढे केला, त्यावर त्यांनी सही केली.

पाऊण तास मी बोलत होते. सकाळी फिरायला जा, भजनाला बसा, नातवंडांत मन रमवा. तेही मान हलवून ‘व्हय, व्हय’ म्हणत होते. मी खूश होऊन घरी गेले. पुढच्या आठवड्यात ते आलेच नाहीत.

आमच्या मार्गदर्शक बाई प्रत्येक भेट शब्दन्‌शब्द उतरवून आणायला लावायच्या. माझे कागद त्यांनी शांतपणे वाचले आणि पेन्सिलीनं दोन-तीन ठिकाणी रेघ ओढली. मी विचारलं होतं, किती तास झोप लागते? उत्तर होतं, ‘व्हय.’ मी विचारलं होतं, दिवसभर घरी कोण असतं? उत्तर होतं, ‘बरं हाय की.’

“यांना ऐकू येत नाही,” बाई म्हणाल्या. “मागाच्या आवाजात कान गेलेत. पाऊण तास समोर बसून तुम्हाला हे दिसलं नाही?”

मला दिसलं नव्हतं. समुपदेशकाचा म्हणून मी जो हळुवार आवाज कमावला होता, तो त्या माणसापर्यंत पोचलाच नव्हता. घरी येताना अभ्यासक्रम सोडावा असं मनात आलं. पण चुकलेलं गणित पुन्हा मांडायचं असतं, हे मी पोरांना इतकी वर्षं बजावत होते. आता स्वतःला सवलत कशी देणार?

बाईंच्या परवानगीनं मी त्यांच्या सुनेला एकदाच फोन केला आणि काकांची वेळ राखून ठेवलीय, एवढंच सांगितलं. आणि रोज दहा मिनिटं नणंदेचं बोलणं मध्ये तोंड न घालता ऐकायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, माझ्यावर रागावलीस काय? पाचव्या दिवशी मात्र तिनं तिच्या ऑफिसातलं एक दुखणं सांगितलं. सहा वर्षं ती ते मनात ठेवून होती, आणि आम्ही दोघी एकाच घरात राहत होतो.

दोन आठवड्यांनी काका आले. कुठल्या कानानं बरं ऐकू येतं, हे मी आधी विचारलं. खुर्ची उचलून त्यांच्या उजव्या बाजूला नेली, खिडकी लावून घेतली आणि माझ्या मूळच्या मोठ्या आवाजात मी म्हणाले, “मागच्या वेळी तुमचं ऐकायच्या आधीच मी बोलत सुटले. चुकलं माझं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही गप्प बसले. जीभ शिवशिवत होती, म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

मग ते म्हणाले, “ती न्हाणीत पडली तवा मी घरातच हुतो. शेजारच्या खोलीत. तिनं हाका मारल्या असतील. मला ऐकू आलं न्हाय.” पुढे म्हणाले, “समद्यास्नी सांगितलं, मागाच्या पाळीवर गेलतो म्हणून.”

‘तुमचा काय दोष त्यात’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते बोलून गेले असते तर त्यांनी पुन्हा ‘व्हय, व्हय’ केलं असतं. मी एवढंच म्हणाले, “आठ महिने हे एकट्यानंच सोसलंत.”

त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली आणि रडले. मी खुर्चीतून हलले नाही.

पुढे ते सात वेळा आले. चौथ्या भेटीच्या आधी त्यांनी मुलाला खरं सांगितलं होतं. मुलगा दुसऱ्याच दिवशी सुट्टी काढून त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. झोप पुरती परतली नव्हती, पण ते ताटावरून उठत नव्हते.

शेवटच्या भेटीला कानात मशीन घालून आले. बसल्या बसल्या वर बघत म्हणाले, “तुमचा पंखा लई वाजतोय की.”

मी उठून पंखा बंद केला. एप्रिलचा उकाडा होता. घाम पुसत आम्ही तासभर तसेच बसलो, आणि ते पहिल्यांदाच बायकोच्या पडण्याबद्दल नाही, तिच्याबद्दल बोलत राहिले.