दगडाच्या बाजूवरचं नाव

सेमगोलवालीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. तागाचं सूत कोरड्या हवेत तुटतं, म्हणून दव असेपर्यंत विणून घ्यायचं. भिंतीवर ऊन आलं की माग सोडून ती शेतात. दुपारी तागाची साल खरवडायची. संध्याकाळी ती नखानं चिरायची, टोक दातात धरायचं, दोन टोकं उघड्या मांडीवर ठेवून तळव्यानं पीळ द्यायचा. तिच्या पुढच्या दातांत खाच पडली होती. मी पाथरवट, चाळीस वर्षं टाकी चालवली. माणूस कामानं किती झिजला ते मला हातावरून कळतं. तिचं दातांवरून कळायचं.

सेमगोल हे टेकडीपलीकडचं तिचं माहेर. आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. तिचं खरं नाव मला वीस वर्षं ठाऊक नव्हतं.

ती विणायची ते म्हाताऱ्यांच्या अखेरच्या पोशाखाचं कापड. आईबाप जिवंत असतानाच मुलं ते करून ठेवतात. आसपासच्या पाच गावांतले किती आईबाप तिच्या कापडात पुरले गेले, त्याची मोजदाद नाही. आणि तिच्या आईच्या थडग्यावर दगडसुद्धा नव्हता.

सोलच्या ऑलिंपिकच्या आदल्या वर्षी, उन्हाळ्यात, ती माझ्या अंगणात येऊन उभी राहिली.

"मिस्त्री, एक दगड हवाय. आईसाठी."

"लावणारा कोण?" मी विचारलं. दगडाच्या बाजूवर तो लावणाऱ्या मुलांची नावं कोरायची असतात.

"मी."

"तुम्हाला भाऊ आहे ना?"

"दत्तक आहे. माझ्या पाठीवर कोणी झालं नाही, म्हणून घराण्यानं चुलत्याचा मुलगा छोलग्यू आणून बसवला. देगू शहरात नोकरीला असतो. अकरा वर्षं थडग्यावरचं गवत कापायला आला नाही."

"मग जावयाचं नाव घालू."

"जावई मेला. आणि जिवंत असता तरी त्यानं कुठं एक धागा वळला असता? हुनाम घाला."

"ही कोण हुनाम?"

"मीच की!" ती हसली, खाच दिसली. "पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून ठेवलेलं नाव. नाव लागलं, मुलगा काही लागला नाही."

आईचं नाव काय घालायचं, विचारलं. ते तिलाही ठाऊक नव्हतं. सरकारी दप्तरातही 'इम घराण्यातली' एवढंच होतं. मी म्हटलं, तेवढं घालू. पण तुमच्या नावाचं मी ठरवणार नाही. थडग्याची टेकडी तुमच्या माहेरच्या प्यो घराण्याची आहे. थोरल्यांचा होकार आणा. कोरलेलं खोडता येत नाही.

प्यो आजोबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. घराण्याचे सगळे पितरविधी त्यांच्या हातून व्हायचे. आम्ही दोघं गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पोरी, दिलेली मुलगी परक्या घरची. हे काही मी ठरवलेलं नाही."

"मग कोणी ठरवलं, आजोबा? त्यांच्याकडे जाते."

"ते सगळे टेकडीवर झोपलेत."

"उठवू?"

आजोबांना हसू आलं, पण मान नाहीच हलली. "दत्तक असला तरी मुलगा आहे. तो असताना मुलीचं नाव घातलं की उद्या प्रत्येक जण आपापली रीत काढेल. जा, विण. माझं कापड कुठवर आलंय?"

त्या वर्षी अधिक महिना होता. अखेरचा पोशाख अधिक महिन्यात केला की माणसाला आयुष्य लाभतं म्हणतात. आजोबांचं कापड तिच्याच मागावर होतं, निम्मं विणून झालेलं.

परतताना मी म्हटलं, "राहू द्या त्यांचं कापड तसंच. कळू दे जरा."

बोथट टाकीकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. "मिस्त्री, राग आला की तुम्ही दगड वाकडा कापता?"

"नाही."

"मग मला कशाला शिकवता?"

दुसऱ्या दिवशी चारला तिच्या मागाच्या फणीचा ठोका ऐकू आला. तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. तीन आठवडे ठोका चुकला नाही.

महिना संपायला चार दिवस होते. आजोबांच्या पायरीचा दगड हलत होता, तो मी बसवत होतो. ती गठ्ठा डोक्यावर घेऊन आली. आजोबांनी कापड ओसरीवर उलगडलं, उन्हाकडे धरलं, काठावरून अंगठा फिरवला. सुनेला दुसरं टोक धरायला लावलं. कुठं गाठ वर आलेली नाही, कुठं सूत जाड-बारीक नाही.

"मी नाही म्हटल्यावर विणलंस हे?"

"अर्धं आधी, अर्धं नंतर."

"नंतरचं कुठून सुरू होतं?"

"शोधा तुम्हीच."

त्यांनी शोधलं. चष्मा पुसला, पुन्हा शोधलं. सून म्हणाली, "मामंजी, हात दुखले." तरी त्यांनी शेवटापर्यंत बघितलं. मग स्वतः घडी घातली, मजुरी दिली आणि आत गेले. ती घरी आली. मला वाटलं, संपलं.

पाचव्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना बोलावणं धाडलं.

"घरातली विधीची सगळी पुस्तकं पाहिली," ते म्हणाले. "मुलीनं दगड लावू नये असं त्यांत कुठं सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं, माझी झोप वाचली असती. पण एक अट. छोलग्यूचं नाव आधी."

मला राग आला. अकरा वर्षं न फिरकलेल्याचं नाव आधी! ती मात्र लगेच म्हणाली, "घाला की. आई त्याला मुलगाच म्हणायची. तो आधी, पण मी हवी."

दगड मी खाणीत जाऊन निवडला. किंमत पुरी सांगितली. तिनं कमी करा म्हटलं नाही, मीही केली नाही. नऊ वर्षं साठवलेलं आणि आजोबांच्या कापडाचं, सगळं त्यात गेलं. मी कोरत होतो तेव्हा रोज दुपारी येऊन बसायची, मांडीवर सूत वळत. वाचता येत नव्हतं. शेवटच्या दिवशी तिनं अक्षरांत अंगठा घातला.

"मिस्त्री, भावाचं खोल आहे, माझं उथळ."

"काहीतरीच काय!"

"घाला अंगठा."

घातला. तांदळाच्या दाण्याएवढा फरक होता. मी पुन्हा टाकी घेतली.

दहाव्या महिन्यात, थडग्यावरच्या वार्षिक विधीच्या आदल्या दिवशी चौघांनी दगड वर चढवला. विधीला रीतीप्रमाणे पुरुष पुढं, ती मागं, ताटं मांडून झाल्यावर झाडाखाली उभी. आजोबांनी दारू ओतली, नमस्कार केला. मग काठी टेकत बाजूला झाले.

"हुनाम, ये."

गावात त्या नावानं तिला कोणी हाक मारलेली मी तोवर ऐकली नव्हती. तिलाही कळायला क्षण लागला.

पुढच्या शरद ऋतूत, गवत कापायच्या दिवशी, छोलग्यू आला. दगडावर आपलं नाव आहे हे त्याला कोणीतरी देगूत सांगितलं होतं. पांढरा शर्ट, हात हलवत. ती पहाटेच वर गेली होती. अर्ध्या चढावरचं गवत कापून झालं होतं. त्यानं दगडाच्या बाजूवरची नावं वाचली.

"ताई, माझं नाव आधी कसं?"

"अक्षरं झाली बघून? ये इकडं. विळा कुठाय?"

"आणला नाही."

"गवत काय पगार दाखवून कापणार?"

तिनं आपला विळा त्याच्या हातात दिला आणि स्वतः हातानं उपटायला बसली. दुपारपर्यंत त्याच्या तळव्याला फोड आले. त्याचं कापणं उंच-सखल होतं. तिनं तेवढा तुकडा पुन्हा करून घेतला.

त्या वर्षीचं कापड विकलं तेव्हा ती लोहाराकडं गेली. दगडासाठी साठवायचं संपलं होतं, आता दुसरं काही लागत नव्हतं. तिनं एक विळा घेतला. स्वतःचा होताच. हा दुसरा.