हळदीचा भुसा

मंडळी, मी अशा गोष्टींच्या वाटेला जाणारा माणूस नाही. कोणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी मुद्दाम पंखा किती नंबरवर आहे ते विचारायचो. त्यामुळे मी हे लिहितोय याचंच घरच्यांना हसू येतंय… हसू द्या. वीसेक वर्षं पोटात ठेवलं, आता ठेववत नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट. चंद्रपुरात, परकोटाच्या आतल्या भागात, आमचं दुमजली शॉपिंग कॉम्प्लेक्स होतं. माझं तिथे एसटीडी-झेरॉक्सचं दुकान, आणि कोणी तयार होईना म्हणून दुकानदार संघाचा सेक्रेटरीही मीच. खाली बेसमेंटमध्ये सुनंदाबाईंचा शिवणक्लास. अकरा मुली, त्यात माझी मोठी मनीषा. बेसमेंटला उतरायला एकच जिना, आणि जिन्याच्या पायथ्याशी, पाणी जायला, एक लोखंडी जाळी. गच्चीचं, अंगणाचं, जिन्यावरून येणारं सगळं पावसाचं पाणी जमिनीखालच्या नालीतून, चार चेंबर पार करून, मागच्या उतारावरच्या नाल्यात जायचं.

ही नाली दर मे महिन्यात साफ करायला दाजीबा यायचे. सावली तालुक्यातल्या एका खेड्यातले ढीवर, म्हणजे मासेमारी करणारे; सत्तरीचे, काटक. जन्म तलावाच्या पाटावर गेलेला, त्यामुळे पाणी कुठे अडेल हे त्यांना आमच्या इंजिनिअरपेक्षा जास्त कळायचं. गाळ काढून झाला तरी ते काम संपलं म्हणायचे नाहीत. धानाचा भुसा घ्यायचे, त्याला ओली हळद चोळायचे, आणि वरच्या चेंबरमध्ये बादलीभर पाण्याबरोबर सोडायचे. मग लुटूलुटू चालत मागच्या नाल्यावर जाऊन उकिडवे बसायचे आणि मोजायचे. साठ-सत्तर अंकांत पिवळा भुसा बाहेर यायलाच पाहिजे.

"हळद काऊन लावता?" मी एकदा विचारलं होतं.

"काया पाण्यात पिवळं दिसते जी. अन् पयलं पाणी सोडाचं तं हळद लागतेच."

"आणि नाही आला तर?"

"मंग तो वापस येते. जिथं सगळ्यात खाल्लाकडं तोंड असन, तिथून वर येते. भुसा आला तं पाणीबी येईन."

त्या वर्षी दाजीबा आले नाहीत. सावलीच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला, पायाला लागलंय, औंदा जमत नाही. सोबत भुशाचं अर्धं पोतं आणि एकच वाक्य: "साफ कोणाकडूनबी करा, पण भुसा सोडजा."

मी दुसरी माणसं लावली. त्यांनी चारही झाकणं उघडली, दिसला तेवढा गाळ काढला, झाकणं बसवली. चंद्रपूरचा मे, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. भुसा सोडायचा म्हणजे त्या उन्हात मागे नाल्यावर जाऊन बसायचं… कोण बसतो? आणि बी.एस्सी.ची दोन वर्षं केलेल्या माणसाने नालीला हळद लावायची? पोतं मी चहावाल्याला शेगडीत जाळायला देऊन टाकलं. आठवड्यात संपलं. दाजीबांना मात्र निरोप पाठवला, सगळं झालं म्हणून.

जून-जुलै रिमझिम होता, काही अडलं नाही. मी खुशीत.

ऑगस्टमधली दुपार. इरई नदीच्या बाजूने आभाळ काळं झालं होतं, पण थेंब नव्हता. मनीषा डबा घरीच विसरली होती, तो द्यायला मी खाली उतरलो. सुनंदाबाई जाळीपाशी झाडू घेऊन उभ्या.

"भाऊ, पूजा-बिजा घातली का तुमी इथी? दोनदा झाडलं, पुन्हा येऊन राह्यलं."

मी खाली बघितलं. जाळीवर मूठभर भुसा. पिवळा. वाकून बोटांत घेतला, तर ओलसर, आणि हळदीचा वास… ताजा, आत्ताच कोणी चोळावी तसा. नाली तर कोरडी होती. आणि मी बघत असतानाच जाळीच्या फटींतून आणखी थोडा वर आला. हळूहळू, न थांबता.

खरं सांगतो, मला भूत-बित काही सुचलं नाही. दाजीबांचं वाक्य कानात वाजलं. खोलीत अकरा मुली, प्रत्येकीच्या मशीनला मोटर, बोर्ड जमिनीपासून हातभर उंचीवर. आणि पोतं जाळायला दिलेला मी.

"सगळ्या वर चला! आत्ता!"

"काका, ब्लाउज अर्धा राह्यला ना…"

"राहू दे तो ब्लाउज!" मी बेसमेंटचा मेन स्विच ओढला. अंधारात मुली चिडल्या, मनीषाला तर माझी लाज वाटली. सुनंदाबाई म्हणाल्या, "भाऊ, काय करून राह्यले तुमी?" मी काय सांगणार, भुसा आला म्हणून? मी नुसता ओरडत होतो. एकेकीला दंडाला धरून जिन्यावर ढकललं आणि वर माझ्या दुकानात कोंबलं. तिथे एक गिऱ्हाईक नागपूरला बोलून बिल घेत होतं. तीन वाजून दहा मिनिटं. ती वेळ बिलावर छापलेली मी बघितली म्हणून पक्की लक्षात आहे.

पाच मिनिटांत पाऊस कोसळला. तसा पाऊस मी त्याआधी पाहिला नव्हता. जाळीतून कारंजं उडालं, जिन्यावरून लोट वेगळा. अर्ध्या तासात बेसमेंटमध्ये छातीभर पाणी, शिवणाच्या खुर्च्या तरंगत होत्या. मुली दुकानाच्या दारातून बघत होत्या. मनीषाने माझा हात धरला होता, आणि मी तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी नाली उघडली. तिसऱ्या आणि चौथ्या चेंबरच्या मध्ये, झाकणातून दिसणारच नाही अशा जागी, कोणाच्या तरी दुकानाच्या डागडुजीचं सिमेंट पोत्यासकट दगडासारखं बसलं होतं. मे महिन्यात भुसा सोडला असता तर सत्तर अंकांत कळलं असतं. आणि आख्ख्या नालीत पिवळ्या भुशाचा एक कण सापडला नाही. चहावाल्याचा उरलेला असेल असं म्हणाल, तर त्याला हळद कोणी लावली?

तिसऱ्या दिवशी मी सावलीची गाडी पकडली. मनातून धरूनच चाललो होतो की म्हातारा गेला असणार. अशा गोष्टींत तसंच असतं ना… दारात त्यांची सून भेटली. विचारलं, "दाजीबा?"

"आहेत ना जी. पेज पिऊन राह्यले."

मी तिथेच ओट्यावर बसलो. एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

सूनबाई पाणी देता देता बोलू लागली. "आता उतरला ताप. परवा तं लयच होता जी. दुपारी उठले, भुसा माग, हळद माग. काठी टेकत पाटावर गेले, मी मागं मागं. पाण्यात भुसा सोडला अन् मोजत बसले. भुसा डोळ्यासमोर वाहून गेला, तरी हे मोजूनच राह्यले. ‘आला नाई, आला नाई.’ मंग एकदम म्हणे, ‘चाल, निंगाल्या पोरी.’ मी म्हटलं, कोणाच्या पोरी? येऊन झोपले."

"किती वाजले होते?"

"घड्याळ कुठी पाहाव जी? गडचिरोलीची तीनची गाडी नुकतीच गेली होती."

आत दाजीबा खाटेवर बसले होते. मी पाय धरले तर गडबडून गेले. त्यांना पाटाचं, मोजण्याचं काहीच आठवत नव्हतं. "तापात होतो जी, मले काय माहीत." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "सेक्रेटरी भाऊ, औंदा भुसा सोडला होता ना तुमी?"

बायकोला, संघाला, सुनंदाबाईंना मी काहीबाही सांगितलं होतं. इथे खोटं बोलवेना.

"नाही, दाजीबा. जाळायला दिला."

ते रागावतील असं वाटलं. त्यांनी पेजेचं भांडं खाली ठेवलं, सुनेला हाक मारून अर्धं पोतं भरायला सांगितलं, आणि म्हणाले, "मंग आता सोडा. पाऊस संपला नाई अजून."

पोतं मांडीवर घेऊन मी परतलो. सिमेंट फोडून नाली मोकळी झाल्यावर मनीषाने वरून भुसा सोडला आणि मी मागच्या नाल्यावर चिखलात उकिडवा बसलो. पासष्टला पिवळा भुसा आला… आणि मी मोठ्याने रडलो. अकरा मुली, मंडळी.

दोन गावांत पन्नासेक किलोमीटर. दोन्हींना जोडणारी ना कुठली नाली, ना पाट. फोन तर त्या गावात नव्हताच. दाजीबा पुढे बरीच वर्षं आले, मी कितीदा विषय काढला, ते म्हणायचे, "मले काऊन विचारता जी, पाह्यलं तं तुमी." दर मे महिन्यात, भर उन्हात, मी नाल्यावर बसून मोजतो.